नातवाच्या ताटातलं तूप आणि आजीचा चमचाभर शिरा

पत्र :

ताई, मी अडुसष्ट वर्षांची. सिंहगड रोडला मुलगा, सून आणि नातवाबरोबर राहते. नातू सव्वापाच वर्षांचा. तिसऱ्या वर्षापासून त्याला फिट येतात. आधी नुसती मान टाकायचा, आता उभ्या उभ्या दाणकन कोसळतो. कपाळावर टाक्यांचे दोन व्रण आहेत. तीन औषधं चालू आहेत. दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी कीटोजेनिक आहार सुरू केला. पोळी, भात, वरण, साखर, केळं सगळं बंद, आणि तूप, लोणी, साय, खोबरेल यांचाच मारा. सून कण न् कण काट्यावर मोजते, मला ओट्यापाशी फिरकू देत नाही. मुलगा म्हणतो, मी जिमला जाताना कीटो केलं होतं, त्यात एवढं काही नसतं. एवढ्या तुपाने पोराचं लिव्हर, हृदय बिघडणार नाही का? हे परदेशातलं नवं खूळ आपल्या वरणभातावर वाढलेल्या मुलांना मानवेल का? आणि एक गोष्ट घरात कुणाला सांगितलेली नाही. पौर्णिमेला आमच्याकडे सत्यनारायण होता. सगळ्यांना प्रसाद वाटताना त्यानेही हात पुढे केला. मी चमचाभर शिरा दिला. त्या रात्री त्याला दोनदा फिट आली. त्याआधी आठ दिवस एकही नव्हती. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. — एक आजी

उत्तर :

काकू,

तुमचं पत्र मी शेवटून वाचायला घेते. लिव्हर आणि परदेशी खूळ हे प्रश्न खरेच आहेत, पण तुम्ही लेखणी उचललीत ती त्या चमच्यापायी.

त्या चमच्यामुळेच फिट आली का? येऊ शकते, हे तुमच्यापासून लपवणार नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाला आपण रवा, साखर, तूप सारखंच घेतो, सव्वाच्या मापात. त्यातला एक भरलेला चमचा म्हणजे अंदाजे दहा ग्रॅम कर्बोदकं. तुमच्या नातवाच्या वयाच्या मुलाला हा आहार कडक प्रकारचा असेल तर दिवसभराच्या कर्बोदकांचा कोटाच साधारण तेवढा असतो. एवढी साखर एकदम पोटात गेली की शरीर चरबी जाळायचं थांबवून साखरेकडे वळतं, आणि चरबी जळताना तयार होणाऱ्या ज्या कीटोनच्या जोरावर मेंदू शांत होता ते काही वेळातच ओसरतात. पण त्याच दिवशी घरात पाहुणे होते, आरती-घंटा होती, पोराची दुपारची झोप बुडाली असेल, रात्री उशीर झाला असेल. अपुरी झोप हेही फिट येण्याचं मोठं कारण. शिवाय या आजाराची स्वतःची चाल असते, आठ दिवस गप्प आणि मग एका रात्रीत दोन. तेव्हा गुन्हा तुमच्या नावावर पक्का लिहिता येत नाही, आणि खोडताही येत नाही.

मला काळजी वेगळीच आहे. तुमची सून ती रात्र वहीत लिहून पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवेल. शिऱ्याचा पत्ता नसलेले डॉक्टर काय समजतील? आहार नीट पाळूनही फिट आल्या, म्हणजे आहार कमी पडतोय. मग तुपाचं प्रमाण आणखी वाढेल, औषधाचा डोस वाढेल, किंवा दोन-तीन महिन्यांनी हा आहार याला लागू पडत नाही म्हणून बंदच होईल. एक चमचा शिरा निस्तरता येतो. लपवलेल्या चमच्याने अख्खा हिशेब चुकतो.

या बाबतीत तुम्ही काही पहिल्या नाही आहात. मी मुलांच्या विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करत होते तेव्हा एक मुलगी होती, सात वर्षांची. सकाळ-संध्याकाळ लघवीत कीटोन तपासायची पट्टी बुडवायची, ती चांगली गडद जांभळी यायची. फक्त गुरुवारी संध्याकाळी फिकट. तिची आई रडकुंडीला आली, मी तिच्या मापाच्या चिठ्ठ्या तीनदा तपासल्या, काटा बदलायला लावला. औषधाच्या सिरपवर संशय घेतला. शेवटी मुलगीच बोलून गेली. दर गुरुवारी आजोबा तिला दत्ताच्या देवळात न्यायचे आणि येताना तिच्या मुठीत खडीसाखर असायची. आजोबा माझ्यासमोर बसून म्हणाले, ‘अहो, देवाचं होतं ते.’ त्यांना मी काय बोलणार? पुढच्या गुरुवारपासून त्यांनी देवळातून फूल आणायला सुरुवात केली.

आता तुमची सून तुम्हाला ओट्यापाशी का फिरकू देत नाही ते सांगते. मूळ कीटोजेनिक आहारात बहुतेकदा चारास एक असं प्रमाण ठेवतात. म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम, तर स्निग्ध पदार्थ चार ग्रॅम. मुलाला हजार उष्मांक द्यायचे असतील तर शंभर ग्रॅम स्निग्ध, आणि प्रथिनं-कर्बोदकं दोन्ही मिळून पंचवीस. त्यातली पंधरा-सोळा प्रथिनं वाढीसाठी लागतातच. उरली नऊ-दहा ग्रॅम कर्बोदकं, दिवसभरासाठी. आपली एक मध्यम पोळी म्हणजे वीसेक ग्रॅम. एका पोळीत दोन दिवसांचा कोटा!

एका वेळचं जेवण असं दिसतं : पनीर २५ ग्रॅम, पालक ३० ग्रॅम, तूप १९ ग्रॅम. (हे नुसतं समजण्यासाठी, नातवाचं माप त्याच्या वजनावरून काढलेलं आहे, तेच चालवायचं.) पालक तुपात परतला, पनीर घातलं, मुलाने खाल्लं. पण पुण्याच्या डिसेंबरात तूप थिजतं, आणि वाटीच्या कडेला तीन ग्रॅम चिकटून राहिलं तर चाराचं साडेतीन होतं. म्हणून सूनबाई रबरी उलथन्याने वाटी निपटत असतील आणि तुम्हाला वाटत असेल, काय हा चिक्कूपणा. वाटी आधी कोमट करून घ्यायला सांगा तिला. ही युक्ती तुमच्याकडून गेली तर तिला जास्त आवडेल.

थोडक्यात, ते ताट म्हणजे औषध आहे. फक्त ते बाटलीतून येण्याऐवजी कढईतून येतं. ‘सिरप पाच मिली’ असं लिहिलेलं असताना तुम्ही मायेने सात मिली पाजलं नसतंत ना?

परदेशी खूळ हे मात्र अर्धंच खरं. परदेशी आहे, खूळ नाही, आणि नवं तर मुळीच नाही. उपाशी राहिल्यावर फिट कमी होतात ही गोष्ट माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. (साबुदाण्याच्या खिचडीचा उपास नव्हे हं, निर्जळी एकादशीचा.) १९११मध्ये पॅरिसच्या दोन डॉक्टरांनी उपवासाने अपस्माराचे रुग्ण सुधारल्याचं लिहून ठेवलं. पण मुलाला उपाशी ठेवणार किती दिवस? १९२१मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी तोडगा सुचवला : उपाशी माणसाचं यकृत चरबीपासून कीटोन बनवतं आणि मेंदू त्यावर चालतो, तर मुलाला खायला घालूनच शरीराला उपास आहे असं भासवता येईल. भरपूर स्निग्ध, अगदी थोडी कर्बोदकं. ‘कीटोजेनिक डाएट’ हे नाव त्यांचंच. म्हणजे हे तुमच्या आईच्या जन्माआधीचं प्रकरण आहे. त्याच मेयो क्लिनिकच्या डॉ. पीटरमन यांनी लवकरच मापं बसवली, वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम प्रथिनं, दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम कर्बोदकं, बाकी सगळं स्निग्ध. शंभर वर्षांनी तुमच्या सूनबाईंचा काटा जवळपास तिथेच येऊन थांबतोय.

मग मधे हे गेलं कुठे? १९३८मध्ये फेनिटॉइन हे फिटचं औषध आलं. गोळी दिली की झालं, तूप कोण मोजत बसणार? हा आहार मागे पडला आणि थोड्याच ठिकाणी जिवंत राहिला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मिलिसेंट केली नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. आमच्या पेशातल्या आहेत म्हणून मला त्यांचं जरा जास्तच कौतुक आहे. १९९३मध्ये हॉलिवूडचे दिग्दर्शक जिम एब्रहॅम्स यांचा तान्हा मुलगा चार्ली फिटने बेजार झाला होता. औषधं झाली, मेंदूची शस्त्रक्रिया झाली, उपयोग शून्य. बापाने स्वतः वाचनालयात बसून शोधाशोध केली, त्याला या आहाराची माहिती सापडली आणि तो मुलाला घेऊन बाल्टिमोरला डॉ. जॉन फ्रीमन आणि या केलीबाईंकडे गेला. चार्लीच्या फिट थांबल्या. बापाला राग याचा आला की हे आधी आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही. १९९४मध्ये त्याने मुलाच्या नावाने संस्था काढली आणि हा आहार पुन्हा जगभर बोलला जाऊ लागला. २००५मध्ये एक पाहणी झाली, तेव्हा ४१ देशांत तो देणारी केंद्रं सापडली. त्यात जपान आणि कोरियाही आले, म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ भात खाणारी माणसं. आपल्या मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी नव्वदच्या दशकातच भारतीय जेवणात तो बसवायला घेतला होता. तेव्हा वरणभाताची सबब चालायची नाही, काकू.

पुरावा म्हणाल तर तोही आहे. लंडनला १४५ मुलांवर चाचणी झाली, २००८मध्ये तिचे निष्कर्ष आले. सगळी औषधांना दाद न देणारी मुलं. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या. आहार न घेणाऱ्या गटात असं ६ टक्क्यांचंच झालं. तुम्हाला जवळची वाटेल ती दिल्लीच्या एम्समधली चाचणी, २०१३ची. १०२ मुलं, आणि आहार थोडा सैल, ज्याला मॉडिफाइड अ‍ॅटकिन्स म्हणतात. त्यात फक्त कर्बोदकं मोजायची, स्निग्ध भरपूर घ्यायचं, प्रत्येक घास काट्यावर चढवायचा नाही. तिथे ५२ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या, दुसऱ्या गटात साडेअकरा टक्के. जिथे आहारतज्ज्ञ कमी आणि घरात माणसं जास्त, तिथे हा सैल प्रकार सोयीचा पडतो. तुमच्या नातवासाठी कडक प्रकार निवडला असेल तर तो वय, फिटचा प्रकार वगैरे बघूनच. ‘त्या सैलवर न्या ना’ म्हणून सुनेच्या मागे लागू नका. विचारायचं तर डॉक्टरांना विचारा.

आकडे नीट वाचलेत ना? सगळ्यांची फिट थांबत नाही. काहींची पूर्ण थांबते, बऱ्याच जणांची कमी होते, काहींना काहीच फरक पडत नाही. योग्य निवडलेली, नीट घेतलेली दोन औषधं हरली की तिसऱ्या-चौथ्या औषधाने फिट पूर्ण थांबण्याची आशा फार थोडी उरते, म्हणून डॉक्टर या वाटेला येतात. नातवासारखं उभ्या उभ्या कोसळणं ज्यांना होतं, त्यांच्यातल्या काही मुलांना हा आहार चांगला लागू पडलेला आहे. साधारण तीन महिने मनापासून करून बघतात. गुण आला तर बहुतेकदा दोनेक वर्षं चालवतात आणि मग हळूहळू सोडवतात. जन्मभर नाही.

आता तुपाचं. तुम्हाला वाटतंय रोजच्या जेवणावर वर आणखी एवढं तूप. तसं नाही. उष्मांक मोजलेले आहेत, पोळी-भात गेला त्याच्या जागी तूप आलंय. सुरुवातीच्या महिन्यांत रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढू शकतं, पुष्कळदा पुढे खाली येतं. म्हणूनच दर तीन महिन्यांनी रक्त-लघवी तपासतात, उंची-वजन बघतात. यकृताची चाचणीही त्यातच येते, आणि व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू असेल तर तिच्याकडे जास्त लक्ष असतं. खरे त्रास दुसरेच : बद्धकोष्ठ, उलट्या, वाढ जरा मंदावणं, आणि काही मुलांत मूतखडा. पूर्वी या आहारात पाणीही मोजून द्यायचे, आता उलट भरपूर पाजतात. तेव्हा हे काम तुम्ही घ्या. दिवसभर त्याच्यामागे पाण्याचा पेला घेऊन फिरायचं. कॅल्शियम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या कधीच चुकवायच्या नाहीत, कारण या ताटात ती पुरेशी नसतात.

मुलाला सांगा, जिमच्या कीटोचं आणि याचं नाव तेवढं एक. तिथे माणूस पोट कमी करायला पोळी सोडतो आणि रविवारी मिसळ खातो. इथे रविवार नाही. आणि बाजारातलं ‘कीटो आटा’ लिहिलेलं पाकीट आणून सुनेवर उपकार करू नकोस म्हणावं.

तुमच्या हातात मात्र एक मोठं खातं आहे, ते म्हणजे घरगुती औषधं. खोकला झाला की तुम्ही सितोपलादि मधातून चाटवत असाल. काकू, सितोपला म्हणजेच खडीसाखर! त्या चूर्णात सगळ्यात मोठा वाटा तिचाच असतो, वर मध. च्यवनप्राश साखरेत शिजलेला, आसव-अरिष्टं गुळाची, बाळगुटीच्या चाटणात मध. तापाचं लाल-गुलाबी सिरपही गोड. यातलं काहीही त्याच्या डॉक्टर-आहारतज्ज्ञांच्या टीमला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. बहुतेक औषधं गोळीच्या रूपात मिळतात, पण प्रत्येक गोळी कुटून चालत नाही, तेही आधी विचारायचं. आणि कधी रात्री-अपरात्री दवाखान्यात धावावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच : ‘हा कीटोजेनिक आहारावर आहे, सलाइन ग्लुकोजचं लावण्याआधी याच्या डॉक्टरांशी बोला.’ एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. घाईत माणसं ग्लुकोजची बाटली लावून मोकळी होतात, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. मात्र मूल सुस्त पडलं, उलट्या थांबेनात, अंगाला घाम सुटला, तर आहार मोडेल या भीतीने घरी बसायचं नाही. साखर फार उतरलेली असू शकते. अशा वेळी किती रस द्यायचा ते टीमने सांगितलेलं असतं, ते सुनेकडून आजच विचारून घ्या.

फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा तर नाहीच. कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोकदार दूर करायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे मारायचा आणि दवाखाना. औषधं चालूच ठेवायची. आहार सुरू झाला म्हणून एकही गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही.

भाद्रपदात गणपती येतील तेव्हा त्याचा हात पुन्हा पुढे येईल, हे धरूनच चाला. आत्तापासून सुनेला विचारा, खोबरं आणि तूप तिच्या मापात बसवून, बिनसाखरेचा एक लहानसा मोदक साच्यातून काढता येईल का. आहारतज्ज्ञ ते बसवून देतात, मी दिलेले आहेत. दिसायला मोदकच हवा, पाकळ्या नीट पडायला हव्यात. पोरं चवीपेक्षा आकाराला जास्त फसतात. हे काम सूनबाईंना जमणार नाही, तुम्हाला जमेल. सोसायटीतल्या वाढदिवसाला जाताना त्याचा डबा बरोबर न्यायचा आणि केक कापायच्या जरा आधी त्याला द्यायचा. शाळेतल्या बाईंनाही एक चिठ्ठी, कारण या वयाची मुलं डबे बदलून खातात.

आणि ती पौर्णिमा. सुनेला एकटीला गाठून सांगा, मुलगा घरी नसताना. ती चिडेल. दोन दिवस कदाचित बोलणारही नाही. दीड महिना ती रात्री उठून पोराचा श्वास बघतेय आणि दिवसा ग्रॅम मोजतेय, तिला चिडू द्या. मग फिटची ती वही मागून घ्या आणि त्या रात्रीच्या नोंदीपुढे स्वतःच्या अक्षरात लिहा : ‘संध्याकाळी प्रसादाचा शिरा, एक चमचा, आजीने दिला.’ तारीख आठवत नसेल तर पौर्णिमाच होती, भिंतीवरच्या कालनिर्णयात सापडेल.